ज्यू धर्मशास्त्रात धार्मिक कर्तव्यातून सूट मिळते का? आणि सूट घेणारा इतरांचं काही देणं लागतो का?

सूट मिळते. पण सूट घेणारा म्हणजे अंग काढून घेणारा, असा सूर तुमच्या प्रश्नात आहे आणि तो मला झोंबला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे. याच मुद्द्यावरून आमच्या घरात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आईला मधुमेह होता, इन्सुलिन चालू होतं. त्या वर्षी डॉक्टरांनी किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या) उपासाला साफ नाही म्हटलं. आई ऐकेना. तिच्या तोंडी तो दरफाळणीचा सण, तिच्या आजीच्या काळापासून दारं लावून पाळलेला. "उपास मोडून देवाला काय तोंड दाखवू?" म्हणायची. शास्त्र नेमकं उलट सांगतं. आजाऱ्याला जाणकाराच्या सांगण्यावरून खायला घालावं, आणि डॉक्टर गरज नाही म्हणाला पण आजारी माणूसच गरज आहे म्हणाला, तर त्याचं ऐकावं, हे तालमुद या रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, योमा या भागात आहे. जीव धोक्यात असताना शब्बाथ (शनिवारचा विसावा; त्या दिवशी आणि किप्पूरलाही आग पेटवायची नसते) मोडू का म्हणून विचारत बसणाऱ्याला तर 'रक्त सांडणारा' म्हटलंय.

आई तयार झाली ती एका अटीवर: थोडं थोडं खाणार. त्याचीही रीत आहे. एका वेळी साधारण ३० मिलिलिटरच्या आत, मग नऊएक मिनिटं थांबायचं, मग पुन्हा. मऊ भाताची पेज मी औषधाच्या बाटलीवरच्या प्लास्टिकच्या मापाने मोजत होतो. आई ते माप खिडकीच्या उजेडात धरून बघायची, "रेषेच्या वर नको हं" म्हणायची, मगच तोंडाला लावायची. पेज गार झाली की मीच गॅस पेटवून गरम करायचो.

तिकडे मशिदीत (आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात) नऊ पुरुष जमले होते. मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, १० पुरुष लागतात, त्याशिवाय कादिश ही प्रार्थना नाही, सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी) वाचता येत नाही. कोकणातली बहुतेक घरं १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला गेली, काही मुंबई-ठाण्याला. त्यामुळे दहावा माणूस म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. मी आदल्याच दिवशी काकांना सांगून ठेवलं होतं की मला धरू नका, ठाण्याहून कोणाला तरी मुक्कामाला बोलवा. त्यांनी बोलावलं नाही. ऐन वेळी पोराकरवी निरोप: शेजारच्या बाईंना बसव आणि तू ये. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी काका घरी आले आणि आईच्या देखत बोलले, "तुझ्या चार चमच्यांपायी सेफेर उघडला नाही." आई त्यानंतर सारखी स्वतःला ओझं म्हणायला लागली.

काकांचं म्हणणं आजही तेच: सूट आजाऱ्याला असते, मुलाला नसते. साफ चूक. सुक्कोथ सणाच्या मांडवात बसण्यातून मिश्नाने (तालमुदाच्या मूळ भागाने) आजाऱ्याला सूट दिली आहे आणि त्याच ओळीत त्याची सेवा करणाऱ्यालाही. एका मित्स्वात (धार्मिक कर्तव्यात) गुंतलेल्याला दुसऱ्या मित्स्वातून सूट, हा नियमच आहे. घरात मयत असेल तर जवळच्या नातेवाइकाला शेमा ही प्रार्थना म्हणण्यातून, तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळच्या चामडी डब्या) बांधण्यातून सूट. का? तर तेव्हा त्याने त्या माणसाकडे बघायचं असतं म्हणून.

शेजारीण? रम्बाम (मध्ययुगातले मोठे शास्त्रकार मायमोनिडीस) स्वतः वैद्य होते. त्यांनी लिहून ठेवलंय की जीव वाचवायला शब्बाथ मोडायची वेळ आली तर ते काम परधर्मीयांकडून किंवा पोरांकडून करवून घेऊ नये, ज्यूंमधल्याच मोठ्यांनी आणि विद्वानांनी स्वतः करावं. म्हणजे काकांनीच येऊन गॅस पेटवला असता तरी शास्त्राला धरून झालं असतं. दहावा माणूस मिळावा म्हणून रब्बी एलिएझर यांनी आपला गुलाम मुक्त केला, ही गोष्ट काका मला नेहमी ऐकवतात. गोष्ट खरी आहे. पण तिथे कोणाचा जीव टांगणीला लागलेला नव्हता.

बायकांना वेळेला बांधलेल्या मित्स्वांतून जी सूट आहे तो वेगळा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही. आणि मी रब्बी नाही. दोन्ही कामं सहज जमत असतील तर दोन्ही करावी लागतात. मला घरात रिकामा भाऊ असता तर मला जावंच लागलं असतं. थोडं थोडं खाण्याची रीतही सगळ्यांना लागू नाही. डॉक्टर पोटभर खा म्हणाले तर पोटभरच खायचं. हे सगळं सणाच्या आधी विचारून ठेवा.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागात मात्र कसलीच सूट नाही. देवाविरुद्धचे अपराध किप्पूर धुऊन काढतो, माणसाविरुद्धचे त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय धुतले जात नाहीत. दुखावलेला माणूस वारला असेल तर १० जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि त्यांच्यासमोर म्हणायचं, मी इस्राएलाच्या देवाचा आणि या माणसाचा अपराधी आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. काका अजून तिच्या कबरीवर गेलेले नाहीत. ज्या दिवशी निघतील त्या दिवशी त्यांच्या दहांत मला धरावं, मी येईन.