मुलगी अमेरिकन झाली की लांब गेली?

"मुलगी ऐकत नाही, पार अमेरिकन झालीय, काय करू?" हे मला समुपदेशनात आपले मराठी आईबाबाही विचारतात, पण आजची केस न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या सनसेट पार्क वस्तीतली, चीनच्या फूज्यान प्रांतातल्या फूचौ शहराकडच्या कुटुंबाची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). आई नेल सलूनमध्ये, वडील दुसऱ्या राज्यात टेकआउटमध्ये कुक, सुट्टी मिळाली की बसने घरी. मुलगी 13 वर्षांची, आईशी एकेका शब्दात बोलणार, तेही इंग्लिशमध्ये.

आईचं म्हणणं, शाळेने बिघडवली. लहानपणी कोण सांभाळायचं असं विचारल्यावर कळलं की ही जन्मली न्यूयॉर्कला, पण काही महिन्यांची असतानाच तिला फूज्यानला आजीकडे पाठवलं आणि किंडरगार्टनसाठी 5व्या वर्षी परत आणलं. तिकडच्या लोकांत हे बऱ्याच घरांत होतं, इकडे आणणाऱ्या एजंटचं हजारो डॉलरचं कर्ज, दोघांची 12-12 तास ड्युटी, डेकेअर परवडत नाही, मग करणार काय. म्हणजे पोरीने जिला आई मानलं ती सुटली आणि व्हिडिओ कॉलवरच्या दोन माणसांच्या घरी येऊन पडली, कोणी काही समजावलंही नाही. यात मला अमेरिका-बिमेरिका फारशी दिसेना.

मी अट एकच घातली, मुलीला दुभाषी करायचं नाही. बँक, दवाखाना, घरमालकाची पत्रं, सगळीकडे तीच असते, निदान इथे तरी नको. आईला मँडरिन (प्रमाण चिनी) येतं पण मनातलं बोलायचं तर बोलीच हवी, म्हणून फूचौच्या बोलीची दुभाषी शोधली.

"तुझ्यासाठीच केलं सगळं" हे वाक्य बाजूला ठेवून फक्त पाठवलं तो दिवस सांगा म्हटलं. आईने सांगितलं. मुलगी बराच वेळ गप्प, मग म्हणाली, न्यायला तू का नाही आलीस? तिला ओळखीतल्या बाईसोबत विमानात बसवलेलं ना. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली की माझ्याकडे कागदच नव्हते, देशाबाहेर गेले असते तर परत येता आलं नसतं. पोरीला हे माहीतच नव्हतं!

आजीचे फोन आईनेच कमी केलेले, आपली सवय लागावी म्हणून. ते पुन्हा सुरू करायला सांगितले, आईला पटायला वेळ लागला आणि अजून थोडं खुपतंच, साहजिक आहे. आता मुलगी कधीकधी सलूनपाशी थांबून आईला सोबत घेऊन घरी येते. मार्कांवरून भांडणं मात्र चालूच, मागच्या सेशनचा अर्धा वेळ अल्जेब्रातच गेला.