अलेक्झांडर द्युमाच्या ‘थ्री मस्केटिअर्स’ या कादंबरीमालिकेत एवढे योगायोग आणि एवढे संवाद का आहेत?

संवादांबद्दल नेहमी सांगितलं जाणारं कारण पैशाचं आहे. पहिली कादंबरी १८४४ मध्ये पॅरिसच्या ‘ल सिएक्ल’ दैनिकात क्रमशः आली. द्युमाला मानधन ओळींवर मिळायचं, म्हणून तीन मस्केटिअर्सपैकी (राजाच्या बंदूकधारी शिपायांपैकी) अ‍ॅथोसचा एका शब्दात उत्तर देणारा नोकर ग्रिमो त्याने मुद्दाम निर्माण केला, असा किस्सा आहे. किस्सा मजेदार आहे, पण मला तेवढ्याने पटत नाही. द्युमा आधी नाटककार. १८२९ मध्येच त्याचं नाटक पॅरिसमध्ये गाजलं होतं. माणसं समोरासमोर उभी करून त्यांच्या तोंडून गोष्ट पुढे नेणं ही त्याची जुनी सवय.

योगायोगांचं म्हणाल, तर ते कुठे येतात ते बघा. पॅरिसमध्ये नवखा असलेला नायक दार्तान्यां धावत सुटतो आणि अ‍ॅथोसच्या जखमी खांद्यावर आदळतो, दुसरा मस्केटिअर पोर्थोसच्या झग्यात गुरफटतो, तिसऱ्याला, अ‍ॅरामिसला, नको असलेला रुमाल उचलून देतो. शुद्ध फार्स! पण त्यातून तीन द्वंद्वं ठरतात : बाराला, एकला आणि दोनला. आता आपण घड्याळाकडे बघत वाचणार. बारा वाजता कळतं, की अ‍ॅथोसचे साक्षीदार तेच दोघे आहेत. तेवढ्यात राजाचा बलाढ्य मंत्री असलेल्या कार्डिनलचे शिपाई येतात आणि चौघे एका बाजूने लढतात.

योगायोग गाठ मारून देतो, पुढचं काम मुदत करते. फ्रान्सच्या राणीने इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमला दिलेले हिरे नाचाच्या समारंभाआधी लंडनहून परत आणायचे आहेत. वाटेत तिघेही मित्र एकेक करून मागे पडतात. दार्तान्यां पोचतो, तर बारातले दोन हिरे कार्डिनलची हेर मिलेडी हिने कापून नेलेले. जवाहिरा आठ दिवस मागतो, बकिंगहॅम दुप्पट पैसे देऊन परवापर्यंत हवेत म्हणतो. ला रोशेल या फ्रेंच बंदराच्या वेढ्यात तर शत्रूच्या तोंडावरच्या बुरुजात तासभर टिकायची पैज लावून हे लोक न्याहारी करतात, कारण निवांत बोलायला दुसरी जागा नाही. तलवारींपेक्षा मला हाच प्रसंग जास्त आवडतो.

मालिकेतली दुसरी कादंबरी ‘वीस वर्षांनंतर’ वाचलीत, तर हीच युक्ती उलटी फिरलेली दिसेल. चौघे इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाला वाचवायला जातात. मुदत आहे, बेत आहे, लंडनचा जल्लादसुद्धा पळवलेला आहे. पण १६४९ मध्ये त्या राजाचा शिरच्छेद झाला हे वाचकाला ठाऊक असतं, तरी आपण आशेने पानं उलटत राहतो. जल्लादाच्या जागी बुरखा घातलेला कुणीतरी स्वतःहून पुढे येतो. अ‍ॅथोस वधमंचाच्या फळ्यांखाली लपलेला असतो, आणि त्याच्या कपाळावर रक्ताचा थेंब पडतो.