मुंबईहून चिपीला विमानाने जायचं तर वेळ किती धरायचा?

प्रश्न: मुंबई ते सिंधुदुर्ग (चिपी) विमानतळ हवाई अंतर किती? विमानाला किती वेळ लागतो? वयस्कर आईला मालवणला न्यायचं आहे.

उत्तर: नाकासमोर मोजलं तर सुमारे ३५० किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर साडेचारशेच्या पुढे जातं, कारण महामार्ग घाट आणि खाड्या सांभाळत वळत जातो.

कोकणातल्या छोट्या धावपट्ट्यांवर बहुधा एटीआर ७२ हे पंख्याचं विमान येतं. ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे हिशेबाने पाऊण तासही लागू नये. तरी तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास वेळ दिसतो, आणि तो बरोबर आहे. विमान जागेवरून हललं तिथपासून चिपीला थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. खरं घोडं अडतं मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमानं रांगेत उभी राहतात. शिवाय बहुतेक वेळा उड्डाण पश्चिमेकडे, जुहूच्या समुद्रावर होतं. तिथून डावीकडे वळून मग दक्षिणेची वाट.

पण आई सोबत आहे, तर घर ते घर वेळ धरा. दादरहून निघालात तर मालवणात पोचेपर्यंत पाच-सहा तास सहज जातात. चिपीहून मालवण नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतं, पण मध्ये कर्लीची खाडी आहे. गाडीला नेरूरपारच्या पुलावरून वळसा घालावा लागतो. विमानतळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, वस्तीपासून बाजूला आहे. हात केला की रिक्षा मिळेल असं नाही, गाडी आधीच सांगून ठेवा.

चिपीचं विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं, पण मुंबईची सेवा सलग चाललेली नाही. त्यामुळे तुमच्या तारखेला थेट विमान आहे का, हे आधी बघा. नसेल तर गोव्यातलं मोपा विमानतळ. हवाई अंतर ३९० किलोमीटरच्या आसपास, विमानं भरपूर, आणि बांदा-सावंतवाडी जवळ. मालवणला मात्र तिथून बराच रस्ता उरतो. जून ते सप्टेंबरमध्ये ढग सड्यावर उतरले की विमान घिरट्या घालतं, कधी परतही फिरतं. त्या दिवसांत मी आईला रात्रीच्या कोकणकन्या रेल्वेने कुडाळला आणेन. वेळ जास्त, पण झोपून येता येतं.

एक गोष्ट विसरू नका. एटीआरला दार मागे असतं आणि अरुंद पायऱ्या चढाव्या लागतात. आईंचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर आणि चढायची मदत तिकीट काढतानाच मागून ठेवा.