वाचकांचे प्रश्न : सैनिकी सहलींचे एक वर्ष

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. कोल्हापुरातील आमच्या वसाहतीच्या स्नेहमंडळाचे अध्यक्षपद गेल्या वर्षी माझ्याकडे आले. माझे वडील पलटणीत होते, म्हणून वर्षभराच्या सर्व सहली सैनिकी विषयावर ठेवाव्यात असे मी सुचवले आणि सर्वांनी ते मान्यही केले. पन्हाळा, नेसरी, बेळगाव, अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय अशा सहली झाल्या. फेब्रुवारीत आम्ही एका गावी वीरपत्नीला भेटायला गेलो. तेथे आमच्यापैकी काहींनी मोबाईलवर चित्रीकरण सुरू केले, आणि एका सभासदाने त्यांना "बातमी कशी कळली?" असे विचारले. त्या काही न बोलता आत निघून गेल्या. तो क्षण माझ्या मनातून जात नाही. आता वार्षिक सभा तोंडावर आली आहे. काही सभासद म्हणतात की सहल विरंगुळ्यासाठी असते, दर वेळी युद्ध आणि मरण कशाला. मंडळातील दोघे माजी सैनिक म्हणतात की आमच्यात शिस्तच नाही. सभेत मी काय सांगावे, आणि दुसऱ्या वर्षी अध्यक्षपद स्वीकारावे का?

उत्तर : आपण विचारलेल्या दोन प्रश्नांपेक्षा आपण न विचारलेला तिसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. त्या वीरपत्नींना आपण पुन्हा भेटलात का? पत्रात तसा उल्लेख नाही. भेटला नसाल तर सभेच्या आधी भेटावे. आधी निरोप पाठवावा, त्यांनी होकार दिला तरच जावे, आणि जाताना मंडळाला किंवा शाल-श्रीफळाला बरोबर नेऊ नये. आपण एकट्याने, फार तर घरातील एखाद्या बाईमाणसाला घेऊन जावे आणि "त्या दिवशी आमचे चुकले" एवढेच सांगावे. जे चित्रीकरण झाले ते सभासदांच्या मोबाईलमधून काढून टाकायला लावले आहे, हेही त्यांना सांगता आले पाहिजे. म्हणजे ते काम जाण्यापूर्वी झालेले असले पाहिजे.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मीही असाच एक गट चालवत होतो, आणि एका हवालदाराच्या घरी आम्ही अडतीस जण जाऊन उभे राहिलो होतो. त्यांच्या वृद्ध आईने अडतीस कप चहा केला. निघताना शेजारच्या बाईंकडून कळले की त्यासाठी त्या माउलीने चार घरांतून दूध मागून आणले होते. आम्ही त्यांचा सन्मान करायला गेलो होतो आणि प्रत्यक्षात त्यांच्यावर भार टाकून परतलो. त्यानंतर मी एक नियम केला आणि तो कधी मोडला नाही : सैनिकाच्या घराच्या उंबऱ्याच्या आत पाचांपेक्षा अधिक माणसांनी जायचे नाही, बाकीच्यांनी गावच्या देवळात किंवा शाळेत थांबायचे, मोबाईल गाडीत ठेवायचे, आणि घरची मंडळी स्वतःहून जे सांगतील तेवढेच ऐकायचे. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या, घराघरांतून माणसे फौजेत गेलेल्या गावी जायचे असेल, तर प्रथम ग्रामपंचायतीशी आणि तेथील माजी सैनिकांशी बोलावे, आणि कोणाच्या दारात जावे व कोणाच्या दारात जाऊ नये हे त्यांनाच ठरवू द्यावे. ते गाव त्यांचे आहे, कोणत्या घरातील जखम अजून ओली आहे हे त्यांना ठाऊक असते.

आता विरंगुळ्याच्या तक्रारीविषयी. ही तक्रार करणाऱ्या सभासदांना देशाविषयी आस्था नाही असे कृपया मानू नये. वर्षभर प्रत्येक ठिकाणी केवळ शेवटचा क्षण सांगितला गेला, तर ऐकणारा थकतो. सैनिकाच्या आयुष्यातील बहुतेक दिवस पाणी, धान्य, रस्ता, पहारा आणि वाट पाहणे यांत जातात, आणि ते दाखवायला पन्हाळ्यासारखी दुसरी जागा नाही. सिद्दी जौहरचा वेढा १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने चालला. इतके दिवस गडावरील माणसे काय खात होती, असा प्रश्न मुलांना अंबरखान्यासमोर उभे करून विचारावा. गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची ती प्रचंड धान्यकोठारे पाहिल्यावर उत्तर त्यांना आपोआप सापडते. तेथून अंधारबावीकडे न्यावे. वरून इमारत आणि पोटात विहीर अशी ही तीन मजली रचना आहे. शत्रूला पाण्यापर्यंत पोहोचता येऊ नये, म्हणून पाणीच इमारतीच्या आत ठेवलेले आहे. तीन दरवाजाशी गेल्यावर, आत शिरणारा शत्रू दोन दारांमधील चौकात कसा कोंडला जाईल, हे मुले स्वतःच उभी राहून दाखवतात. गडाच्या पायथ्याच्या नेबापूरच्या शिवा काशिदांची गोष्ट सांगायची ती यानंतर, समाधीपाशी, हळू आवाजात. जुलै २०२५ मध्ये 'भारतातील मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत पन्हाळा आहे, याचा आपल्याला अभिमान असणे स्वाभाविकच आहे; पण त्या यादीतील 'स्थापत्य' हा शब्द सभासदांना समजावून सांगितला, तर विरंगुळा आणि विषय यांत भांडण उरणार नाही.

नेसरीला मात्र उलट करावे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले, ती ही खिंड. तेथे भाषणे नकोत, खेळ नकोत, जेवणाची पंगतही नको. अर्धा तास पुरे. उमराणीच्या लढाईनंतर खानाला सोडून दिल्याचा राग महाराजांना का आला होता, एवढी पार्श्वभूमी गाडीतच सांगून ठेवावी आणि खिंडीत माणसांना गप्प उभे राहू द्यावे.

बेळगावची आपली सहल कशी झाली हे पत्रातून कळत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र तेथे १९२२ पासून आहे आणि रेजिमेंटची परंपरा १७६८ पर्यंत मागे जाते. आपल्या वडिलांची पलटण हीच असेल तर सभासदांना हे सांगणारी आपल्याहून योग्य व्यक्ती कोण असणार? एकमेकांना 'गणपत' म्हणणारे हे जवान, त्यांची 'बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही युद्धघोषणा, १९४४ मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे आणि पुढच्याच वर्षी, त्याच आघाडीवर, तो मिळवणारे शिपाई नामदेव जाधव, हे सारे कोकणातल्या आणि घाटावरल्या शेतकरी घरांतून आलेले आहे. अशा ठिकाणी प्रवेशासाठी लेखी परवानगी, सभासदांची यादी, ओळखपत्रे आणि वाहनाचा क्रमांक आधी द्यावा लागतो. त्यासाठी निदान महिना-दीड महिना हातात ठेवावा, आणि 'छायाचित्र काढू नये' असे सांगितले गेले तर त्यावर वाद घालू नये. अहिल्यानगरचे संग्रहालय उत्तम आहे, परंतु कोल्हापूरहून ते एका दिवसात उरकण्यासारखे नाही. मुक्कामाची सोय नसेल तर ज्येष्ठांना नेऊ नये.

एक सहल मला स्वतःला सुचवावीशी वाटते, आणि तिला गाडीभाडेही लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात लष्कराच्या आणि नौदलाच्या तुकड्या कोल्हापूर-सांगलीत उतरल्या होत्या. आपल्या सभासदांपैकी कोणी ना कोणी त्या वेळी बोटीत बसले असेल, किंवा कोणाचे नातेवाईक शिरोळकडच्या गावात छतावर अडकले असतील. पंचगंगेच्या घाटावर एका संध्याकाळी एकत्र बसून त्यांनी आपापल्या आठवणी सांगाव्यात. जवानाने हात धरून बोटीत घेतलेली आजी स्वतः बोलते, तेव्हा सैनिकी विषय कंटाळवाणा आहे असे कोणी म्हणत नाही.

माजी सैनिकांच्या तक्रारीत तथ्य आहे, पण त्यावर उपाय म्हणून सभासदांना रांगेत कवायत करायला लावू नये. त्या दोघांना नेमके काम द्यावे. मराठ्यांच्या फौजेत पुढे चालणारी ती बिनी आणि पाठ राखणारा तो चंदावल. आपल्या सहलीतही एकाने बिनीला आणि दुसऱ्याने चंदावलाला चालावे. प्रत्येक थांब्यानंतर माणसे मोजून झाल्याशिवाय गाडी हलणार नाही आणि चंदावलाच्या मागे कोणीही राहणार नाही, एवढी शिस्त पाळली तरी त्यांचे समाधान होईल, आणि कोणी मागे राहण्याची भीतीही जाईल.

दुसऱ्या वर्षाविषयी माझे मत स्पष्ट आहे : पद स्वीकारावे, पण बारा नव्हे, सहाच सहली ठेवाव्यात. पहिले वर्ष परवानग्या कोठे मागायच्या, कोणाला किती दिवस आधी पत्र लिहायचे हे शिकण्यात जाते, आणि ते शिकलेले माणूस लगेच बाजूला झाले तर पुढचा अध्यक्ष पुन्हा त्याच चुका कोणाच्या तरी दारात जाऊन करतो. चाळिशीच्या आतील एका सभासदाला प्रत्येक पत्रव्यवहारात आणि प्रत्येक भेटीत बरोबर घ्यावे, हिशेबाची वही त्याच्याकडे द्यावी, आणि वर्षअखेरीस पद त्याला द्यावे. सभेत फेब्रुवारीचा प्रसंग लपवू नये. ज्यांनी प्रश्न विचारला त्या सभासदाचे नाव न घेता, अध्यक्ष म्हणून चूक माझी होती असे आपण म्हणावे, कारण जाण्यापूर्वी सर्वांना सांगून ठेवण्याचे काम आपलेच होते.

प्रश्न : आमच्या तरुण मंडळाने सहलीसाठी लष्करी नक्षीचे टी-शर्ट आणि टोप्या घ्यायचे ठरवले आहे. चालेल का?

उत्तर : माझा सल्ला, घेऊ नका. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकासारखा पोशाख करणे किंवा तशी खूण बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसेल हे मला मान्य आहे, परंतु छावणीच्या फाटकावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला तुमचा हेतू दुरून कळत नाही. लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये नव्या नक्षीचा गणवेश आणला, त्यामागे बाजारात सर्रास मिळणाऱ्या नकली कापडाचीही चिंता होती. मंडळाचे नाव लिहिलेला साधा पांढरा किंवा भगवा टी-शर्ट घ्या. गर्दीत आपली माणसे ओळखायलाही तोच बरा.

प्रश्न : येत्या जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत जाण्याचा आमचा विचार आहे. गटात साठीपुढील सातजण आहेत. त्यांना नको म्हणणे जिवावर येते.

उत्तर : जिवावर येते हे समजू शकतो, कारण १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज ज्या वाटेने गेले त्या वाटेवर एकदा तरी पाऊल टाकावे असे कोल्हापूरच्या प्रत्येक माणसाला वाटते. परंतु ही चाल पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते, भर पावसात असते, आणि मसाई पठारावर धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. करपेवाडी-आंबवडे परिसरात मुक्काम करून ती दोन दिवसांत करतात. ओढ्यांना पाणी वाढले तर थांबावे लागते, आणि थांबण्याचा निर्णय घेणारा माणूस कोण, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

त्या सातजणांना घरी ठेवू नका. दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीने पांढरपाणीपर्यंत आणा आणि तेथून खिंडीपर्यंतचे अंतर त्यांच्या चालीने चालू द्या. तरुण मंडळी पन्हाळ्याहून चालत पोहोचतील तेव्हा ही ज्येष्ठ माणसे त्यांच्या आधी खिंडीत उभी असतील, आणि बाजीप्रभू व फुलाजीप्रभू यांनी जेथे पाठलाग रोखून धरला त्या जागी दोन्ही गट एकत्र येतील. कोरडे कपडे, गूळ-शेंगदाणे आणि गरम चहाचे थर्मास त्यांच्याच गाडीत ठेवावेत.