परदेशातील मिशन रुग्णालयात परिचारिका म्हणून जाण्यापूर्वी

आपण विचारले आहे की बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागताच टांझानियातील एका ग्रामीण मिशन रुग्णालयात दोन वर्षांसाठी जावे का, घरच्यांची समजूत कशी घालावी, आणि सेवेसाठी देवाचे पाचारण (बोलावणे) स्पष्ट असताना अनुभवासाठी थांबणे हा अविश्वास ठरेल का. पूर्व आफ्रिकेतील अशाच एका रुग्णालयात दीर्घकाळ सेवा करून मी पुण्यास परतले आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. थांबणे हा अविश्वास नाही. उलट ससूनसारख्या गर्दीच्या रुग्णालयात, त्यातही प्रसूती विभागात, निदान दोन वर्षे काम केल्याशिवाय आपण जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

निष्ठा कितीही खरी असली तरी ती निर्जंतुकीकरणाची जागा घेऊ शकत नाही. १९७६ साली तेव्हाच्या झाईरमधील (आजच्या काँगोतील) यांबुकू येथे बेल्जियन धर्मभगिनींचे मिशन रुग्णालय होते. तेथे बाह्यरुग्ण विभागासाठी रोज सकाळी पाच सिरिंज आणि सुया दिल्या जात आणि त्याच दिवसभर, नीट न उकळता, एकामागून एका रुग्णाला वापरल्या जात. इबोला या जीवघेण्या तापाचा विषाणू त्या सुयांमधून आणि रुग्णांच्या निकट संपर्कातून पसरला. त्या साथीत ३१८ जणांना लागण होऊन २८० जण दगावले. रुग्णालयाच्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ जणांचा मृत्यू झाला आणि शेवटी रुग्णालय बंद करावे लागले.

त्याआधी, १९६९ साली, नायजेरियातील लासा गावी सेवा करणाऱ्या लॉरा वाइन या अमेरिकन मिशनरी परिचारिका अनोळखी तापाने आजारी पडल्या. त्यांना विमानाने जोस येथे हलविले, तेथे शार्लट शॉ या परिचारिकेने बोटाला गॉज गुंडाळून त्यांचे तोंड स्वच्छ केले. त्या बोटावर गुलाबाची फुले कापताना झालेली लहानशी जखम होती. दोघीही गेल्या. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या लिली पिनिओ मात्र अत्यवस्थ होऊनही वाचल्या, आणि पुढे या तापाचा विषाणू तपासताना स्वतःच आजारी पडलेल्या संशोधकाला त्यांचेच रक्तद्रव्य देण्यात आले. या तिघींविषयी मला अपार आदर आहे, आणि म्हणूनच नव्या मुलींना मी हातमोज्यांविषयी वारंवार बजावते.

प्रत्यक्ष काम कसे असते तेही सांगते. रात्री संपूर्ण वॉर्ड आणि प्रसूतिकक्ष एकाच परिचारिकेकडे असू शकतो, आणि डॉक्टर येईपर्यंत निर्णय तिचाच असतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला की गर्भाशय चोळणे, ते आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिन हे औषध देणे, सलाइन लावणे आणि रक्तगट जुळणारा नातेवाईक शोधणे हे सारे काही मिनिटांत करावे लागते. ऑक्सिटोसिन थंड ठेवावे लागते, त्यामुळे जनरेटर बंद असताना फ्रिजचे तापमान पाहणे हेही परिचारिकेचेच काम होऊन बसते. असा प्रसंग येथे वरिष्ठ सिस्टरच्या देखरेखीखाली अनेकदा हाताळलेला असला म्हणजे तेथे हात थरथरत नाहीत. शिवाय स्थानिक परिचारिकांना मलेरिया आणि तेथील स्त्रियांचे मौन दोन्ही आपल्यापेक्षा अधिक कळतात. पहिले काही महिने त्यांच्या हाताखाली शिकावे आणि स्वाहिली भाषा मन लावून शिकावी.

सुवार्तेविषयी, म्हणजे रुग्णांना येशूचा संदेश सांगण्याविषयी, माझे मत काहींना रुचणार नाही. खाटेवरचा रुग्ण आपल्यावर सर्वस्वी अवलंबून असतो, म्हणून त्याने स्वतः विचारल्याशिवाय त्याच्या श्रद्धेविषयी बोलू नये. त्याने प्रार्थनेची विनंती केली तर मात्र संकोच न करता करावी. उपचार आणि औषधे यांचा धर्माशी काडीचाही संबंध जोडला जाऊ नये.

आपल्या भागाला ही सेवा नवी नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही परदेशातून आलेल्या स्त्रियांनी काम केले, आणि मिरजेत डॉ. विल्यम वानलेस या कॅनेडियन मिशनरींनी १८९४ साली रुग्णालय उभारले. त्यांच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू ही की तेथे स्थानिक मुलामुलींना परिचर्येचे शिक्षण मिळाले आणि मिशनरी गेल्यावरही रुग्णालय चालले. आपण जेथे जाल तेथे कोणाला शिकवणार आहात, हे संस्थेला अवश्य विचारा.

घरच्यांचा विरोध बहुधा काळजीपोटी असतो, आणि काळजीला वचनांपेक्षा कागदाने उत्तर देणे बरे. वैद्यकीय विमा कोणता, गंभीर आजारात बाहेर हलविण्याची सोय कोण करणार, खर्च आपली चर्चची मंडळी देणार की संस्था, राहण्याची जागा रुग्णालयाच्या आवारात आहे का, आणि त्या देशाच्या परिचर्या परिषदेची नोंदणी व कामाचा व्हिसा आधी मिळणार का, ही उत्तरे लेखी मागवून आई-वडिलांसमोर ठेवा. पर्यटक व्हिसावर या, बाकीचे नंतर पाहू, असे कोणी सांगितले तर त्या संस्थेला नकार कळवा.