नदीखोऱ्यातली पहिली सायकल टूर: आधी एवढंच सांभाळ

पहिल्याच टूरला डोंगर, झाडी आणि नदी निवडलीस, मस्त! फक्त मार्ग आखताना नुसते किलोमीटर मोजू नकोस, एकूण चढाई, म्हणजे दिवसभरातल्या सगळ्या चढांच्या उंचीची बेरीज, बघ. नदीकाठचा रस्ता सौम्य असतो, पण तो शेजारच्या खोऱ्याकडे वळला की मधली डोंगररांग चढावीच लागते. सामानासह दिवसाला ४०–५० किलोमीटर आणि ५००–६०० मीटर चढाई सुरुवातीला पुष्कळ झाली.

नवीन मंडळी हमखास चुकतात ते इथे:

- जड गिअर. पुढच्या, म्हणजे पेडलजवळच्या, सर्वांत लहान दातेरी चक्राला जितके दाते, निदान तितके मागच्या चाकावरच्या सर्वांत मोठ्या चक्राला हवेत. आणि गिअर चढ लागायच्या आधी हलका कर, पाय अडकल्यावर नाही.
- उतारावर वळणात ब्रेक. वेग वळणाआधीच कमी कर. दाट झाडीत रस्ता उशिरापर्यंत ओला राहतो, ओल्या पानांवर चाक सरकतं.
- पाठीवर सॅक. वजन कॅरिअरच्या पिशव्यांत, खाली.

पंक्चर काढायचा सराव घरीच करून ठेव. भूक लागायच्या आधी खा. चढावर उतरून ढकलावंसं वाटलं तर खुशाल ढकल, मी अजूनही ढकलतो.