पहिल्या भेटीपूर्वी काय विचारावे?

प्रश्न : नोकरीतील ताणामुळे माझ्या २६ वर्षांच्या मुलीला खासगी समुपदेशन घ्यायचे आहे. आधी कोणती चौकशी करावी? — एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीने स्वतःहून मदत मागितली, ही मोलाची गोष्ट आहे. ‘समुपदेशक’ ही पाटी अल्प प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीही लावताना दिसते. म्हणून शिक्षण आणि अनुभव निःसंकोच विचारावा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांकही मागावा. मानसशास्त्रज्ञ औषधे लिहून देत नाहीत. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर लागतात.

शुल्क, सत्राचा अवधी (बहुधा ४५ ते ६० मिनिटे) आणि ऐनवेळी भेट रद्द झाल्यास पैसे द्यावे लागतात का, हे पहिल्याच फोनवर स्पष्ट करून घ्यावे.

गोपनीयतेबाबत मात्र मला आपल्यालाच विनंती करायची आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचारांविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क आपल्या मुलीचा आहे, आणि जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर ती आईवडिलांनाही सांगितली जात नाही. तेव्हा ‘आज काय बोललीस?’ असे तिला विचारू नये. चार-पाच सत्रांनंतरही तिला मोकळेपणा वाटला नाही, तर तज्ज्ञ बदलण्यात काहीही गैर नाही. दरम्यान त्रास असह्य झाल्यास ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.